झाडांच्या जंतूंसाठी लढलेला माणूस : अर्विन स्मिथ

जंतू म्हटलं की आपल्याला टीबी, टायफॉईड, कॉलरा आठवतात आणि शास्त्रज्ञ म्हटलं की पाश्चर आणि कॉख. पण झाडंसुद्धा जंतूंमुळे आजारी पडतात, हे जगाला पटवून देण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते अर्विन स्मिथ! वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव फार मोठं आहे. आपल्या सिलॅबसमध्ये मात्र ते कुठेच येत नाही, म्हणून हा लेख.

स्मिथ यांचा जन्म २१ जानेवारी १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात झाला. परिस्थिती बेताची. हायस्कूल पूर्ण झालं तेव्हा ते २६ वर्षांचे होते! आपलं एक वर्ष ड्रॉप गेलं तर आपण केवढे खचतो! मधल्या काळात त्यांनी तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरीही केली. पण झाडांचा नाद सुटला नाही. १८८६ साली मिशिगन विद्यापीठाची पदवी घेऊन ते अमेरिकेच्या कृषी खात्यात लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

त्या काळी जर्मनीचे आल्फ्रेड फिशर हे मोठं नाव. वनस्पतींच्या पेशींना भिंत असते, तेव्हा जंतू आत शिरूच शकत नाहीत, ते फक्त आधीच मेलेल्या भागावर वाढतात, असं त्यांचं ठाम मत. स्मिथ यांनी वाद घातला तो पुराव्याने. रोगट झाडातून जंतू वेगळा काढायचा, तो शुद्ध स्वरूपात वाढवायचा, निरोगी झाडाला टोचायचा, तोच रोग होतो का पाहायचं आणि त्यातून तोच जंतू परत मिळवायचा. कोबीच्या पानाच्या कडेला असलेल्या पाण्याच्या छिद्रांतून जंतू आत जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. टोमॅटो-बटाट्याच्या मर रोगात जंतू पाणी वाहणाऱ्या नळ्याच तुंबवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पाइप चोक! असं खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं की दुधासारखी धार खाली उतरते. १९०१ पर्यंत हा वाद चालला आणि शेवटी पुरावा जिंकला.

१९०७ साली स्मिथ आणि टाउनसेंड यांनी झाडांवर गाठी आणणारा जंतू शोधला. माणसाच्या कॅन्सरमागेही असाच जंतू असेल असं स्मिथ यांना वाटायचं. ते काही खरं ठरलं नाही. पण १९७७ मध्ये कळलं की हा जंतू आपल्या डीएनएचा तुकडा चक्क झाडाच्या पेशीत घुसवतो. म्हणजे हा निसर्गातला जेनेटिक इंजिनिअरच! २००२ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांत आलेल्या बीटी कापसात जीन घालायला हाच जंतू वापरला होता.

स्मिथ यांच्या लॅबमध्ये वीसहून जास्त स्त्रिया संशोधन करत होत्या. नेली ब्राऊन, फ्लॉरेन्स हेजेस यांची नावं आजही घेतली जातात. शंभर वर्षांपूर्वी ही गोष्ट साधी नव्हती. आमच्या वर्गातल्या मुलींची संख्या बघता आजही ती साधी वाटत नाही!

६ एप्रिल १९२७ रोजी स्मिथ गेले. त्याच्या आदल्याच वर्षी मकनजी पटेल या भारतीय संशोधकाने गाठींचा तोच जंतू वेगळा करण्याची सुधारित पद्धत प्रसिद्ध केली होती. पुढे पटेल पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आले. आंब्यावर काळे डाग पाडणारा जंतू त्यांनी आणि मोनीझ, कुलकर्णी या सहकाऱ्यांनी १९४८ साली जगासमोर आणला. विड्याच्या पानावरचा जंतूही पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच शोधला. वॉशिंग्टनची ती परंपरा अशी पुण्यापर्यंत पोचली.

लढाई मात्र संपलेली नाही. अंधेरी स्टेशनबाहेर गाडीवर कधी तेलकट काळे डाग पडलेलं, तडकलेलं डाळिंब दिसलं तर लक्षात ठेवा, तो तेल्या रोग. हाही जंतूच. पावसाळ्यात पानाच्या छिद्रांतून नाहीतर जखमेतून आत शिरतो, आणि सोलापूर-सांगोल्याकडच्या शेतकऱ्याची वर्षाची कमाई जाते. एकदा बागेत शिरला की त्याला पूर्ण घालवणारं औषध अजून नाही. निरोगी रोपं, वेळेवर छाटणी आणि स्वच्छता यांवरच भिस्त.

त्या डाळिंबाला नाक मुरडण्याआधी एवढं आठवलं तरी खूप झालं. आणि समोर कितीही मोठं नाव असलं तरी चिडायचं नाही, पुन्हा प्रयोग करायचा, हे स्मिथ यांच्याकडून आपण भावी इंजिनिअर्सनी शिकायलाच हवं. नाही का?