जावजी दादाजी: खिळे घासणारा मुलगा आणि मराठीचं देखणं अक्षर

आंबिवली स्टेशनची पाटी आठवा. रेषा जवळपास सारख्याच जाड, कारण धावत्या लोकलमधूनही नाव वाचता यायला हवं. आता घरातली एखादी जुनी पोथी उघडा. अक्षराचा दांडा ठसठशीत, पण वळणावर रेषा एकदम बारीक. या फरकाला डिझायनर 'कॉन्ट्रास्ट' म्हणतात. इंग्रजीत 'बोडोनी' फॉन्ट त्यासाठीच प्रसिद्ध आहे. देवनागरीत तो बोरूच्या तिरक्या टोकातून आला. हे वळण शिशात उतरवणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे जावजी दादाजी चौधरी.

सुरुवात घासकामापासून

जावजींचा जन्म 1839 चा. घरची गरिबी, शिक्षण बेताचंच. लहानपणीच ते मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. काम होतं खिळे घासण्याचं. खिळा म्हणजे धातूचं सुटं अक्षर. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडा घासल्या नाहीत, तर तो शेजारच्या खिळ्याला नीट चिकटून बसत नाही. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे तयार करत. जावजी हा धंदा तिथेच, अगदी तळापासून शिकले.

एक अक्षर, शेकडो खिळे

तेव्हा पोलादी पंचावर उलटं अक्षर कोरायचे, तो तांब्यावर ठोकून साचा करायचे आणि त्यात वितळलेलं शिसं ओतायचे. देवनागरीची खरी कसोटी पुढे होती. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून खिळ्यांचे शेकडो प्रकार होतात आणि सगळ्यांची शिरोरेषा सलग दिसावी लागते. बारीक रेषा जाड झाली तर लहान अक्षरात शाई भरते. फारच बारीक झाली तर छापताना तुटते.

1864 मध्ये जावजींनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला. पंच कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू त्यांच्या सोबतीला होते. 1869 मध्ये 'निर्णयसागर' छापखाना उभा राहिला आणि पंचांग निघालं. बारीक अक्षरं, दाट रकाने; खिळ्यांची परीक्षाच! 1886 पासून 'काव्यमाला' निघू लागली. लांबलचक जोडाक्षरांचं संस्कृतही त्या टाइपात स्वच्छ वाचता यायचं. 1892 मध्ये जावजी गेले. पुढे मुलगा तुकाराम जावजी यांनी छापखाना चालवला.

तुमच्या फोनमध्ये

आज खिळे नाहीत, पण काम तेच आहे. तुम्ही 'लक्ष्मी' टाइप केलंत की फॉन्टमधले नियम बघून फोन योग्य जोडाक्षर निवडतो. ते जोडाक्षर मात्र कुणीतरी बसून काढलेलं असतं.

जाड-बारीक वळणाचा फॉन्ट शीर्षक, आमंत्रणपत्रिका आणि पुस्तकासाठी शोभतो. चॅट, बटणं किंवा छोट्या सूचनांसाठी सारख्या जाडीचा बरा.

स्वतः करून बघा. एकच ओळ 'नोटो सेरिफ देवनागरी' आणि 'नोटो सान्स देवनागरी' या दोन्ही फॉन्टमध्ये लिहा आणि साइज कमी करत जा. ज्या ठिकाणी बारीक रेषा पुसट व्हायला लागेल, तिथे थांबा. तीच रेषा सांभाळण्यात जावजींचं आयुष्य गेलं.