हिशेब मांडणारे जोतीराव



महात्मा जोतीराव फुले म्हटले की मुलींची शाळा आठवते. ती आठवलीच पाहिजे. पण गणिताच्या तासाला त्यांचे नाव कोणी घेत नाही, म्हणून हे थोडे लिहिले आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. घराणे पुण्यात येऊन फुलांचा धंदा करू लागले, म्हणून आडनाव फुले पडले. थोडे शिकल्यावर वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. १८४८ मध्ये त्यांनी बुधवार पेठेत, भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. तिथे जोतीराव आणि सावित्रीबाई स्वतः शिकवत.

मोठ्या माणसांनी का शिकायचे? एक उदाहरण करून पाहू. कर्ज १०० रुपये, व्याज दरमहा दर शेकडा २ रुपये, मुदत ३ वर्षे. महिने ३६, म्हणून व्याज ७२ आणि एकूण देणे १७२ रुपये. आपल्याला हे पाटीवर झटक्यात येते. पण ज्याला आकडाच वाचता येत नाही, त्याच्या कागदावर १७२ लिहिले की २७२, हे त्याला कोण सांगणार? तो बिचारा अंगठा उठवून मोकळा! असल्या कर्जाने गांजलेले शेतकरी मे १८७५ मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात सुपे गावी उठले. आसपासच्या गावांतही त्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून घेतले आणि जाळून टाकले.

कागद जाळून कर्ज कसे होते हे कळते, पण पुढचा कागद वाचता येत नाही. जोतीरावांचा भर वाचता येण्यावर होता. १८८२ साली सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन नेमले. त्याच्यापुढे त्यांनी निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. मुलांना मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण शिकवा, आणि शेतीची व आरोग्याची माहितीही द्या. खेड्यातल्या शाळेजवळ नमुन्याची लहानशी शेती असावी. मास्तर असा हवा की वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाही. सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने, आणि तिच्यातून शिकतात वरच्या वर्गाची मुले, ही गोष्टही त्यांनी स्पष्ट मांडली. जमा कोणाची आणि खर्च कोणावर, हा त्यांचा साधा सवाल होता.

पुढच्या वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात सारा, पट्ट्या, व्याज यांत शेतकरी कसा भरडतो ते आहेच. पण मला त्यातले पाण्याचे सांगणे फार आवडते. पाटाच्या पाण्याचे पैसे घेता, तर ज्याच्या त्याच्या वाट्यापुरती तोटी बसवून पाणी मोजून द्या, असे ते सुचवतात. डोंगरावरचा कुजलेला पालापाचोळा वळवाच्या पावसात वाहून ओढ्याला जातो, म्हणून जागोजाग ताली घाला, म्हणजे पाणी शेतात मुरून मग नदीला मिळेल. हे काम लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून करून घ्या, असेही ते लिहितात! गावची गायराने जंगलखात्यात गेली आणि गुरे कुठे चारायची हा प्रश्न पडला, हेही त्यात आहे.

ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार, तर त्यांच्या स्वागताला हजार रुपये खर्च करायचे ठरले. एवढे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्यावेत, असे जोतीरावांचे म्हणणे होते. ठरावाच्या विरोधात मत एकच पडले, ते त्यांचे.

१८८८ मध्ये त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. मग ते डाव्या हाताने लिहू लागले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. ते पुस्तक १८९१ साली छापून निघाले.

गंज पेठेतले त्यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. घरच्या पाण्याचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला होता. पालकांनी पुण्याला जाताना आम्हा मुलांना तिकडे जरूर न्यावे.