स्पाइक मिलिगन : हशामागची जखम

वेड लागलेल्या माणसासाठी इंग्रजी बोलीत ‘डूलॅली’ हा शब्द आहे. तो आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीहून. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत महिनोन्‌महिने खितपत पडलेले गोरे सैनिक बिथरत, त्यावरून तो रूढ झाला. मनाच्या दुखण्याची अशी थट्टा करणाऱ्या याच लष्करी जगात, १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे स्पाइक मिलिगन यांचा जन्म झाला. वडील तोफखान्यात होते. बालपण पुण्याच्या छावणीत आणि नंतर रंगूनमध्ये गेले. १९३३ मध्ये हे कुटुंब लंडनला गेले.

दुसऱ्या महायुद्धात मिलिगन स्वतःही तोफखान्यात दाखल झाले. उत्तर आफ्रिकेत लढून ते इटलीत पोहोचले. जानेवारी १९४४ मध्ये, माँते कासिनोच्या लढाईच्या काळात, उखळी तोफेचा गोळा त्यांच्याजवळ फुटला. पायाची जखम किरकोळ होती, मनाची नव्हती. थोडी विश्रांती आणि औषधे देऊन त्यांना काही दिवसांतच पुन्हा तोफांपाशी धाडण्यात आले. तोफा धडधडू लागल्या की त्यांना रडू कोसळे, बोलताना जीभ अडखळे. वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांच्या बाहीवरची पट्टी काढून घेतली. आजारी माणसाला दिलेली ही शिक्षा होती, यात शंका नाही.

त्या काळी या विकाराला ‘बॅटल फटिग’ म्हणजे लढाईचा थकवा म्हणत. औषधाने गाढ झोपवायचे आणि जमल्यास परत आघाडीवर पाठवायचे, हा रूढ उपचार. सक्तीच्या झोपेने थकवा उतरे, पण आठवण तेथेच राही. सैनिकाला ती आठवण सावकाश, सुरक्षित वातावरणात बोलून दाखवू द्यावी, दुःस्वप्नांवर स्वतंत्र उपचार करावेत, ही पद्धत रुळायला पुढे अनेक दशके लागली. ‘पीटीएसडी’ या नावाने हा विकार अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आला तोच मुळी १९८० मध्ये.

युद्धानंतर मिलिगन यांनी १९५१ ते १९६० या काळात बीबीसीच्या ‘द गून शो’मधून ब्रिटनला खदखदून हसवले. दर आठवड्याला नवे लेखन करावे लागे. १९५२ च्या अखेरीस त्यांचा तोल इतका सुटला की ते सहकलाकार पीटर सेलर्स यांच्यावर सुरी घेऊन धावले आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. निद्रानाश, आवाजाचा तिटकारा आणि नैराश्याचे झटके यांनी त्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. पुढे निदान झाले ते उन्माद-नैराश्याच्या विकाराचे. त्याचा सगळा दोष एका गोळ्यावर टाकता येणार नाही. तरी युद्धाच्या आठवणींचे सात खंड लिहिताना ते त्या जानेवारीकडे वळलेच.

१९९३ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह नैराश्यावर पुस्तक लिहिले. इटलीतल्या रुग्णालयात जे ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती, ते या डॉक्टरांनी निवांत ऐकले. २७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी मिलिगन यांचे निधन झाले.