लुई पाश्चर आणि डावे-उजवे खडे

मित्रांनो, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस शोधणारे लुई पाश्चर तुम्हांला माहीत असतीलच. पण त्यांचा पहिला मोठा शोध होता खड्यांचा, बरं का!

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचे काम करीत. लहानपणी लुईला चित्रे काढण्याचा नाद होता. १८४२ सालच्या परीक्षेत रसायनशास्त्रात त्याला साधाच शेरा मिळाला. पण तो खचला नाही. पॅरिसला जाऊन रसायनशास्त्रच शिकला.

चिंचेला आंबटपणा देणारे टार्टारिक आम्ल द्राक्षांतही असते. त्याच्या द्रावणातून ध्रुवित नावाचा खास प्रकाश सोडला, की प्रकाशाच्या कंपनांची दिशा उजवीकडे फिरते. या आम्लाचे एक भावंड होते. घटक तेच, प्रमाण तेच. पण प्रकाश काही फिरेना! मोठमोठे शास्त्रज्ञ कोड्यात पडले.

१८४८ साली, अवघ्या २५ व्या वर्षी, पाश्चर यांनी त्या भावंडाच्या क्षाराचे खडे भिंगाखाली पाहिले. काही खड्यांचा तिरपा पैलू उजवीकडे, तर काहींचा डावीकडे! आरशात दिसावे तसे. त्यांनी चिमट्याने एकेक खडा निवडला, आपली आई तांदूळ निवडते तसा. उजव्या खड्यांच्या पाण्याने प्रकाश उजवीकडे फिरवला, डाव्यांच्या पाण्याने डावीकडे. दोन्ही सारखे मिसळले, की फिरणे बंद! म्हणजे पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांची रचनाच डावी-उजवी होती.

बियो नावाच्या वृद्ध शास्त्रज्ञांना हे खरे वाटेना. त्यांनी स्वतःचे सामान देऊन पाश्चर यांना सारा प्रयोग आपल्यासमोर पुन्हा करायला लावला. प्रयोग तंतोतंत जमला. बियोंना फार आनंद झाला.

याचा औषधांशी काय संबंध? डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात नीट बसत नाही. शरीराचेही तसेच आहे. कंपवाताच्या रोग्यांना लेव्होडोपा नावाचे औषध देतात. त्याचे डावे रूपच गुणकारी आहे, उजवे नाही. म्हणून औषध करणाऱ्यांना हे पारखून घ्यावेच लागते.

पुढे १८८५ साली पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या ९ वर्षांच्या मुलाला लस देऊन वाचवले. २८ सप्टेंबर १८९५ रोजी ते वारले.

मित्रांनो, खडे सर्वांपुढे होते, पण नीट निरखले पाश्चर यांनी. पुढच्या वेळी खडीसाखर तोंडात टाकण्याआधी एकदा उजेडात धरून बघा!

– इयत्ता ७ वी