दीनांचा कैवारी लास कासास

इ. स. १४९३ च्या वसंत ऋतूत स्पेनमधील सेव्हिल शहरी लोकांची मोठी गर्दी लोटली होती. पश्चिमेचा अफाट समुद्र ओलांडून कोलंबस सुखरूप परत आला होता. त्याच्याबरोबर हिरवे पोपट होते, सोन्याचे अलंकार होते आणि त्या देशी पूर्वी कोणी न पाहिलेल्या वंशाची सात माणसे होती. आपण हिंदुस्थानच्या परिसरात जाऊन पोहोचलो, अशी कोलंबसाची समजूत झाली होती. म्हणून त्या माणसांना त्याने इंडियन म्हटले, आणि चुकीने पडलेले ते नाव पुढे शतकानुशतके टिकले. त्या गर्दीत सुमारे नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव बार्तोलोमे दे लास कासास. सेव्हिलमधीलच एका व्यापाऱ्याच्या घरी १४८४ मध्ये त्याचा जन्म झाला होता.

त्याच वर्षी कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला, तेव्हा या मुलाचा बाप पेद्रो हाही त्याच्या ताफ्यात सामील झाला. काही वर्षांनी तो परतला तो एका इंडियन तरुणाला बरोबर घेऊन. कोलंबसाने तो तरुण त्याला देऊन टाकला होता, आणि बापाने तो आपल्या मुलाच्या दिमतीस दिला. ही हकीकत इसाबेला राणीच्या कानी गेली, तेव्हा ती संतापली. आपली प्रजा परस्पर वाटून टाकण्याचा अधिकार कोलंबसाला कोणी दिला, असे तिला वाटले. तिच्या आज्ञेवरून १५०० मध्ये तो तरुण मायदेशी परत पाठवण्यात आला.

त्या काळी स्पेनमधील लोक जिवावर उदार होऊन समुद्रापार का जात, हे समजून घेण्यासारखे आहे. ग्रॅनडाचे युद्ध १४९२ मध्ये संपले होते व अनेक सैनिकांना उद्योग उरला नव्हता. घराण्यातील धाकट्या मुलांच्या वाट्यास जमीन फारशी येत नसे. समुद्रापलीकडे मात्र सोने आणि जमीन दोन्ही मिळतील, अशी आशा होती. राजाला सापडलेल्या सोन्यात आपला हिस्सा हवा होता, तर धर्मगुरूंना नवे ख्रिस्ती हवे होते. स्पेन व पोर्तुगाल यांनी तर १४९४ मध्ये तह करून अज्ञात जग आपसांत वाटूनही घेतले. त्या वाटणीत पूर्वेकडचे समुद्र पोर्तुगालकडे गेले, आणि १५१० मध्ये आपल्या गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल बसला. ज्यांचे देश वाटले गेले, त्यांना अर्थातच कोणी विचारले नव्हते.

लास कासास १५०२ मध्ये हिस्पॅनिओला बेटावर उतरला. आज या बेटावर हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. जहाज किनाऱ्यास लागताच तेथील स्पॅनिश लोकांनी नव्या मंडळींना मोठ्या आनंदाने दोन वार्ता सांगितल्या. एक अशी, की एका इंडियन स्त्रीला ओढ्याकाठी सोन्याचा प्रचंड गोळा सापडला आहे. दुसरी अशी, की काही इंडियनांनी बंड केले आहे. तेव्हा युद्ध होईल आणि गुलाम मिळतील. या दोन वार्ता एकाच सुरात सांगितल्या गेल्या, ही गोष्ट लास कासासने पुढे आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. तो सोन्याचा गोळा त्याच वर्षी वादळात जहाजासह समुद्राच्या तळाशी गेला.

राज्यकारभाराची तेथील रीत अशी होती, की प्रत्येक स्पॅनिश वसाहतवाल्याकडे काही इंडियन सोपवून द्यावयाचे. त्याने त्यांचे रक्षण करावे व त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवावा. बदल्यात त्यांनी त्याच्यासाठी राबावे. कागदावर ही व्यवस्था पालकत्वाची दिसे. प्रत्यक्षात ती वेठबिगारच होती. पुरुषांना महिनोन्महिने सोन्याच्या खाणींत राबवले जाई. गावी शेते ओस पडत, बायकामुले उपाशी राहत आणि माणसे कष्टाने व भुकेने मरत. पुढे १५१८ च्या अखेरीस देवीची साथ आली. हा रोग त्या लोकांना सर्वस्वी नवा असल्यामुळे त्यांच्या अंगी त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती नव्हती. साथ येण्यापूर्वीच, १५१४ च्या मोजणीत, लाखो माणसांच्या त्या बेटावर सुमारे २६ हजार इंडियन उरले होते.

लास कासास हाही या व्यवस्थेचाच एक लाभार्थी होता, हे विसरून चालणार नाही. त्याच्याकडे इंडियन होते, जमीन होती. तो धर्मोपदेशक झाला, तरी त्याच्या जमिनीवर इंडियन राबतच होते. १५११ च्या डिसेंबरात मोंतेसिनोस नावाच्या धर्मोपदेशकाने सांतो दोमिंगो येथील चर्चमध्ये, खुद्द गव्हर्नरासमोर, या जुलमाचा निषेध केला. कोणत्या न्यायाने तुम्ही या लोकांना दास्यात ठेवता, ही काय माणसे नव्हेत, असे त्याने भर सभेत विचारले. वसाहतवाले खवळून उठले. लास कासासचा पक्ष तेव्हा वसाहतवाल्यांचाच होता.

पुढे क्यूबा बेट जिंकण्यासाठी गेलेल्या सैन्याबरोबर तो गेला. काओनाओ नावाच्या गावी लोकांनी सैनिकांसाठी मासे व भाकरी आणून ठेवल्या होत्या. घोडा हा प्राणी त्यांनी कधी पाहिला नव्हता. म्हणून शेकडो माणसे उकिडवी बसून कौतुकाने घोड्यांकडे पाहत होती. इतक्यात कोणा एका सैनिकाने अकस्मात तलवार उपसली. त्याचे पाहून इतरांनीही उपसल्या, आणि त्या निःशस्त्र लोकांची कत्तल सुरू झाली. लास कासास धावत सुटला, ओरडला, जे वाचवता आले त्यांना त्याने वाचवले. पण हत्याकांड थांबवणे त्याच्या हाती नव्हते. सेनापती नार्व्हाएस घोड्यावर स्तब्ध बसून पाहत राहिला.

हे पाहूनही लास कासासने क्यूबात मिळालेली जमीन व माणसे स्वीकारली. मनुष्याचे मन एका दिवसात पालटत नाही. १५१४ मध्ये एका सणाच्या प्रवचनाची तयारी करताना बायबलमधील एक उतारा त्याच्या वाचनात आला. गरिबांच्या तोंडचा घास हिरावून मिळवलेल्या धनाचे दान देवाला मान्य होत नाही, असा त्याचा आशय होता. पूर्वी ऐकलेले, पाहिलेले सारे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. कित्येक दिवस त्याने विचार केला. त्याला एक गोष्ट उमगली, ती अशी, की आपण स्वतः इंडियनांना राबवीत असता दुसऱ्याला उपदेश करणे व्यर्थ आहे. मग तो गव्हर्नराकडे गेला आणि त्याने आपल्याकडील सर्व इंडियनांवरचा हक्क सोडला. रेंतेरिया हा त्याचा भागीदार त्या वेळी जमैकास गेला होता. तो परतला तेव्हा त्याच्याही मनात असेच विचार आले होते. मित्राला स्पेनला जाता यावे म्हणून त्याने पैसा उभा करून दिला.

त्यानंतरची सुमारे पन्नास वर्षे लास कासासने या एका कामास वाहिली. तो वारंवार समुद्र ओलांडून स्पेनला गेला व राजदरबारी गाऱ्हाणी मांडीत राहिला. १५१६ मध्ये त्याला इंडियनांचा रक्षक हे अधिकारपद मिळाले.

याच काळात त्याच्या हातून एक मोठी चूक घडली. इंडियनांचे कष्ट हलके व्हावेत, म्हणून त्यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असे त्याने सुचवले. आफ्रिकी गुलाम तेथे आधीपासून आणले जात होते, हे खरे. परंतु त्याच्या सूचनेने त्या व्यापाराला पाठबळ मिळाले. १५१८ मध्ये राजाने चार हजार आफ्रिकी माणसे नेण्याचा परवाना दिला. त्यांनाही पकडून अन्यायानेच गुलाम केले जाते, हे लास कासासला पुढे कळून आले. तेव्हा त्याने आपला दोष आपल्याच ग्रंथात स्पष्ट शब्दांत नमूद केला. तोपर्यंत त्या व्यापाराने मूळ धरले होते.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर शांततेने वसाहत करण्याचा त्याचा प्रयत्नही फसला. मग १५२२ मध्ये तो मठात शिरला व अनेक वर्षे त्याने कायदा आणि धर्मशास्त्र यांचा अभ्यास केला.

त्याच्यासारख्यांच्या खटपटीने १५४२ मध्ये स्पेनच्या राजाने नवे कायदे केले. यापुढे कोणाही इंडियनास गुलाम करू नये, आणि वसाहतवाल्याच्या मृत्यूनंतर त्याच्याकडील इंडियन त्याच्या मुलास वारशाने मिळू नयेत, असे त्यांत ठरले. पेरूमध्ये वसाहतवाल्यांनी बंड पुकारले. अखेर वारशाविषयीचे कलम राजाला १५४५ मध्ये मागे घ्यावे लागले. लास कासास तेव्हा मेक्सिकोच्या दक्षिणेस चियापास प्रांताचा बिशप होता. जो गुलाम सोडणार नाही, त्याला पापक्षमा मिळणार नाही, असा हुकूम त्याने काढताच सारे शहर त्याच्यावर उलटले. १५४७ मध्ये तो कायमचा स्पेनला परतला.

व्हायादोलिद येथे १५५० साली विद्वानांपुढे एक विलक्षण वाद झाला. काही माणसे जन्मतःच दास्यास योग्य असतात, असे मत ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन सेपुल्वेदा या पंडिताने मांडले. लास कासासने पाच दिवस आपले लिखाण वाचून त्याचे खंडन केले. परीक्षकांनी निकाल असा दिलाच नाही.

इंडियनांच्या संहारावरील त्याचे छोटे पुस्तक १५५२ मध्ये छापले गेले. त्यातील मृतांचे आकडे फुगवलेले आहेत, असे आजचे अभ्यासक मानतात. जुलमाची मुख्य हकीकत मात्र इतर कागदपत्रांवरूनही सिद्ध होते. स्पेनच्या शत्रूंनी मोठ्या हौसेने त्याची भाषांतरे केली, आणि आपल्या वसाहतींत त्यांनी स्वतः फारसे वेगळे काही केले नाही.

लास कासास १५६६ च्या जुलैत माद्रिद येथे निवर्तला. शेवटपर्यंत त्याचे अर्ज व पत्रे चालूच होती. त्याने लिहिलेला वसाहतींचा मोठा इतिहास व्हायादोलिदच्या मठात ठेवलेला होता. चाळीस वर्षे तो प्रसिद्ध करू नये, अशी त्याची इच्छा होती. प्रत्यक्षात तो ग्रंथ छापला जाण्यास १८७५ साल उजाडले.