आचार्य जगदीशचंद्र बोस : लहरी आणि स्वाभिमान

हाताची हालचाल किंवा श्वासाची लय रेडिओ लहरींनी टिपणारी उपकरणे आता अंगावर वागवता येतील इतकी लहान झाली आहेत. त्यांतल्या काहींत मिलिमीटर लांबीच्या लहरी वापरतात. अशा लहरींवर सव्वाशे वर्षांपूर्वी कोलकात्यात प्रयोग केले ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी.

जन्म ३० नोव्हेंबर १८५८. केंब्रिज व लंडनमध्ये शिकून १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. काम तेच, पण इंग्रज प्राध्यापकांना पगार जास्त आणि भारतीयांना कमी. बोसांनी शिकवणे चालू ठेवले, मात्र तीन वर्षे पगाराला हात लावला नाही. तेही वडिलांचे कर्ज डोक्यावर असताना! अखेर सरकारने पूर्ण पगार थकबाकीसह दिला.

१८९५ मध्ये टाऊन हॉलमध्ये त्यांनी सोडलेल्या लहरी लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून आणि भिंतींतून पार गेल्या व पलीकडची घंटा वाजली. पेटंटमधून पैसा करणे त्यांना पटत नसे. १९१७ मध्ये त्यांनी बोस इन्स्टिट्यूट स्थापली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

वेतनकराराच्या थकबाकीकडे डोळे लावून बसणारे आम्ही बँकवाले. तीन वर्षे बिनपगारी शिकवायला काय हिंमत लागते, ते आम्हांला चांगले कळते.