‘सौम्य’ नावाचा आजार हृदयात शिरतो तेव्हा

सीझर बोएक (१८४५-१९१७) हे नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ. त्यांचे काका कार्ल विल्हेल्म बोएक कुष्ठरोगाचे नामवंत अभ्यासक होते. सीझर यांनीही त्वचारोगांचाच अभ्यास पत्करला आणि आजच्या ऑस्लोत ते प्राध्यापक झाले.

१८९९ मध्ये त्यांनी एका पोलिसाच्या त्वचेवरील गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सार्कोमा या कर्करोगासारख्या भासल्या, पण तशा घातक नव्हत्या. म्हणून बोएक यांनी त्यांना ‘सौम्य सार्कॉइड’ म्हटले. त्यावरूनच सार्कॉइडोसिस हे नाव रूढ झाले.

हा आजार हृदयातही शिरतो, याची पहिली नोंद बोएक यांच्या निधनानंतर, १९२९ मध्ये शवविच्छेदनातून झाली. हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विद्युतमार्गात गाठी झाल्या की नाडी मंदावते, रुग्ण चक्कर येऊन पडतो. कधी अचानक मृत्यूही ओढवतो. सुरुवातीला इकोत काहीच दिसत नाही, असेही होते. एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूतील व्रण दिसतात, तर पेट स्कॅनमध्ये चालू असलेला दाह. पेटआधी भात, पोळी, साखर वर्ज्य करून उपाशी राहावे लागते. नाहीतर निरोगी स्नायूही साखर शोषतो आणि चित्र फसवे येते.

आपल्याकडे क्षयाच्या गाठीही अशाच दिसतात, त्यामुळे शक्य तेथे गाठीचा तुकडा तपासावा लागतो. तरुण वा मध्यम वयात कारण नसताना हार्ट ब्लॉक निघाला, तर पेसमेकर बसवून थांबू नये. बोएक यांनी त्वचेवर पाहिलेला आजार हृदयात तर नाही ना, हे तपासावे. वेळेत कळले तर स्टिरॉइडने दाह आटोक्यात आणता येतो.